हस्ते

मंडळी, मागचे तीन शनिवार इथे शुकशुकाट होता, त्याबद्दल माफी. एक रिलीज गळ्याशी आलं होतं. ते एकदाचं प्रॉडक्शनला गेलं आणि मी त्याच रात्री महाराष्ट्र एक्सप्रेस पकडून अकोल्याला पळालो. बाबांच्या डाव्या डोळ्यातल्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं.

ऑपरेशन पंधरा-वीस मिनिटांचं. नंतरचा छळ मात्र आठवड्याचा, आणि तो पेशंटपेक्षा घरच्यांचा. वाकायचं नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, चार-चार तासांनी थेंब, धूळ टाळा. (अकोल्यात, मे महिन्यात, धूळ टाळा! डॉक्टर विनोदी असावेत.) आणि काही दिवस लिहिणं-वाचणं बंद. बाकी सगळं बाबांनी मुकाट ऐकून घेतलं, लिहिणं बंद म्हटल्यावर मात्र चेहरा पडला. घरी आल्या आल्या म्हणाले, "कपाटातली वही काढ बरं. आज तू लिही. मी सांगतो."

लाल कापडी पुठ्ठ्याची, उभी, हिशेबाची वही. अशा चार भरल्यात, ही पाचवी. मी पेन घेऊन बसलो.

"तारीख घाल. मग लिही, डोळा."

"नुसतं डोळा?"

"डोळाच भेटला नं. मग काय लिहिशील? पुढं हस्ते. डॉक्टरसाहेब लिही. आत नेतानी माह्या हात धरला त्या सिस्टर लिही. ऑटोवाला लिहिला का?"

"बाबा, ऑटोवाल्याला आपण ऐंशी रुपये दिलेत."

"ते भाड्याचे देल्ले. त्यानं गाडी सावलीत लावली, खाली उतरून दार धरलं, ते भाड्यात होतं का?"

लिहिला ऑटोवाला.

ज्यांनी जुन्या पद्धतीच्या वह्या पाहिल्या नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पैसे आले की ते कोणाकडून आले ते जमेच्या बाजूला लिहितात. आणि प्रत्यक्ष कोणी आणून दिले, ते पुढे 'हस्ते' म्हणून. शेठने पाठवले, नोकराने आणून दिले: जमा शेठच्या नावावर, हस्ते नोकर. आपल्या भाषेत सांगायचं तर ईमेलच्या हेडरमध्ये पाठवणारा एक असतो आणि वाटेतले सर्व्हर वेगळे, तसं. बाबांच्या वहीत तीन रकाने आहेत. तारीख, काय आलं आणि हस्ते. 'कोणाकडून' हा रकानाच नाही. लहानपणी विचारलं होतं, तर म्हणाले, "तो एकच हाय. दर ओळीला लिहून शाई कायले घालवायची?"

इथे येणाऱ्यांपैकी बरेच जण ख्रिस्ती नाहीत, हे मला माहीत आहे. आणि मराठी ख्रिस्ती म्हटलं की लोकांना वसई नाहीतर नगर आठवतं. वऱ्हाडातही आम्ही आहोत. थोडे आहोत, पण चार-पाच पिढ्यांपासून आहोत. माझे पणजोबा छपन्याच्या दुष्काळातलं, म्हणजे १८९९-१९०० मधलं, मिशनने सांभाळलेलं लेकरू. त्यांच्या आईवडिलांचं नाव-गाव घरात कोणालाच माहीत नाही. आमचा वंशवृक्ष खिचडीच्या एका कढईपाशी सुरू होतो.

बाबा एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये दिवाणजी होते. दसऱ्यानंतर कापसाच्या गाड्या लागल्या की त्यांचं दर्शन दुर्लभ. रात्री घरी येत ते केसात, भुवयांत रुईचे तंतू घेऊन. सीझन संपला की पगार रखडायचा, तो उन्हाळाभर. १९९६ च्या दिवाळीत मालकांनी जिनिंगच बंद केलं. बाबांचं वय तेव्हा सेहेचाळीस. आई शिवणकाम करायची. मी बारावीत होतो. पहिली वही त्या आठवड्यात सुरू झाली. आयुष्यभर दुसऱ्याचे हिशेब लिहिलेल्या माणसाला हात मोकळे ठेवणं जमलं नसावं.

नोंदी कशा, तर अशा. 'अर्धं पोतं ज्वारी. हस्ते मोठे बाबा, दर्यापूर.' 'सायकलचं पंक्चर. पैसे घेतले नाहीत. हस्ते दुकानवाले चाचा.' 'मिशनच्या विहिरीवरून दोन गुंड पाणी. हस्ते शेजारची पोरगी.' आणि दरवर्षी जूनमध्ये केव्हातरी एक ओळ: 'पाऊस. हस्ते', आणि पुढे एक आडवी रेघ. तिथे मध्ये कोणी नाही, म्हणून रेघ.

या रेघेला आमच्याकडे वजन आहे. आजोबांची शेती दर्यापूरकडे, खारपाणपट्ट्यात. पूर्णेच्या दोन्ही बाजूंना अमरावती, अकोला, बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांत हा पट्टा पसरलाय. जमीन काळी, कसदार, पण खालचं पाणी खारट. विहीर खणली तरी त्या पाण्याने पीक जगत नाही, उलट जमीन खराब होते. म्हणजे कष्ट करून, कर्ज काढून, मोटार बसवून सुटका नाही. वरून पडेल तेवढंच आपलं. देवावर भरवसा ठेवा असं तिथे कोणाला वेगळं शिकवावं लागत नाही. सगळ्याच धर्मांचे लोक जूनमध्ये एकाच दिशेला तोंड वर करून उभे असतात, आणि दुबार पेरणीची पाळी आली की सगळ्यांवर येते.

मला मात्र त्या वहीचा राग यायचा. सतरा वर्षांच्या मुलाला घरात भीक गोळा केल्याची यादी ठेवल्यासारखं वाटायचं. एकदा भांडणात म्हणालो, "जे मागितलं आणि आलं नाही, त्याचा रकाना कुठाय?" बाबा उठून खिडकी लावायला गेले. वारा नव्हता.

१९९७ मध्ये मला अमरावतीच्या शासकीय अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला. फी, होस्टेल, मेसचं डिपॉझिट, सगळं मिळून आठ-एक हजार. तेव्हा आमच्या घरात आठ हजार म्हणजे काय हे आता माझ्या मुलीला समजावता येत नाही. बाबांनी प्रार्थना केली. रोज पहाटे, गुडघ्यावर, हळू आवाजात. आणि माणसांना एका शब्दाने सांगितलं नाही. मला ते असह्य व्हायचं. देवाला सांगता, मग जोडीला एखाद्या माणसालाही सांगा ना!

शेवटच्या तारखेच्या आदल्या संध्याकाळी पैसे आले. आईने सांगितलं, देवानं दिले. पुढच्या रविवारी उपासनेत मी उभा राहून साक्ष दिली. (साक्ष म्हणजे कोर्टातली नव्हे. देवानं आपल्यासाठी काय केलं ते मंडळीसमोर उभं राहून सांगायचं.) छान बोललो. एलीयाला ओहळाकाठी कावळे अन्न आणून द्यायचे, ते उदाहरणसुद्धा दिलं. अमरावतीची मावशी त्या दिवशी अकोल्याला आली होती. तिसऱ्या बाकावर बसून हसत ऐकत होती.

सात-आठ वर्षांनी, नोकरी लागून पुण्यात स्थिरावल्यावर, दिवाळीच्या सुटीत सहज वही चाळली तेव्हा कळलं. 'मुलाची फी. हस्ते मेव्हणीबाई.' मावशी नर्स होती. तिने नर्सेसच्या पतसंस्थेतून कर्ज काढलं होतं आणि तीन वर्षं पगारातून हप्ता कापून जात होता. त्या तीन वर्षांत मी दर रविवारी तिच्याकडे जेवायला जायचो आणि वरणात तूप कमी आहे म्हणून कुरकुरायचो. मी तिला कावळा म्हणालो होतो, आणि ती हसली होती.

या वेळी गाडीत झोप येत नव्हती. पुणे सोडल्यावर दौंडच्या आधी केडगाव लागतं. तिथे पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. खिडकीतून अंधाराशिवाय काही दिसत नाही, पण आमच्या घरात केडगाव आलं की आई हात जोडायची, ती सवय मलाही आहे.

ब्रिस्टलचा जॉर्ज म्युलर आम्हाला संडे स्कूलमध्येच भेटतो. टेबलावर तीनशे ताटं, अन्नाचा कण नाही, म्युलर प्रार्थना करतो आणि दारावर पाववाला नि दूधवाला, ही गोष्ट ऐकली नाही असा ख्रिस्ती पोरगा वऱ्हाडात सापडायचा नाही. म्युलरने हजारो अनाथ सांभाळले आणि पैशांसाठी कोणापुढे हात पसरला नाही. गरज सांगायची ती देवाला. बाबांचं मौन तिथूनच आलेलं. रमाबाईंवर याच म्युलरचा प्रभाव होता. आणि आमच्या अकोल्याचं मिशनही त्याच मातीतलं. १८८० च्या दशकात मार्कस फुलर आणि जेनी फुलर हे अमेरिकन जोडपं अकोल्यात राहायचं. ठरलेला पगार नाही, मागे पैसेवाली संस्था नाही, येईल त्यावर भागवायचं. पुढे ते अलायन्स मिशनमध्ये सामील झाले. जेनीबाईंनी इथल्या बायकांच्या हालांवर इंग्रजीत एक पुस्तक लिहिलं, ते १९०० मध्ये आलं, त्याची प्रस्तावना रमाबाईंची. आणि त्याच वर्षी जेनीबाई मुंबईत वारल्या. आधी वऱ्हाडात एलिचपूरला, म्हणजे अचलपूरला, काम केलेले अल्बर्ट नॉर्टन पुढे याच लाइनवर दौंडला अनाथ मुलांना सांभाळत होते. एका रात्रीच्या प्रवासात एवढी सगळी माणसं रुळांच्या कडेने जातात.

आता एक तिरकी गोष्ट. म्युलर कोणाकडे मागायचा नाही हे खरं. पण तो दरवर्षी अहवाल छापायचा. कोणत्या तारखेला किती आले, कधी पैसे पार संपले होते, मग कसे आले. ते अहवाल लोक वाचत आणि पैसे पाठवत. यात मला ढोंग दिसत नाही. एवढंच दिसतं की देवाची तरतूद पोस्टाने यायची, आणि पोस्टमनचे पाय दुखायचे.

रमाबाईंचं मात्र मला जास्त पटतं, आणि ते वेगळ्या कारणाने. १८७४ च्या सुमारास, दुष्काळात, त्यांचे आईवडील अन्नावाचून गेले, मागोमाग मोठी बहीण गेली. ती माणसं आयुष्यभर तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत हिंडलेली. देवावर भरवसा ठेवण्यात कुठे कमी पडलेली नव्हती. रमाबाईंनी ते सोळाव्या वर्षी डोळ्यांनी पाहिलं. तीच बाई पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात फिरून शेकडो पोरी गोळा करून आणते, आणि देव देईल म्हणते. तिचा विश्वास 'माझ्याकडे नेहमी आलं' असल्या अनुभवावर उभा नव्हता. आलं नाही तर काय होतं ते तिला पुरेपूर माहीत होतं. १९२१ मध्ये तिची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, आणि पुढच्या एप्रिलमध्ये ती स्वतः. मुक्तीच्या विहिरी दुष्काळातही आटल्या नाहीत असं आम्ही ऐकत आलोय. आमच्या दर्यापूरच्या विहिरी खारट निघाल्या. प्रार्थना दोन्हीकडे झाली होती.

साक्ष या प्रकाराबद्दल मला शंका येऊ लागली ती माझ्या धंद्यामुळे. दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांची गोष्ट बहुतेकांना माहीत असेल. परत आलेल्या विमानांना गोळ्या कुठे लागल्यात ते बघून लष्कराला तिथे पत्रा जाड करायचा होता. अब्राहम वाल्ड नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने सांगितलं, जिथे भोकं दिसत नाहीत तिथे जाड करा. तिथे लागलेली विमानं परतच आली नाहीत. आमच्या चर्चमध्ये साक्ष द्यायला उभी राहतात ती सगळी परत आलेली विमानं. बाकीचे बाकावर बसून 'आमेन' म्हणतात, किंवा यायचेच बंद होतात.

हे सगळं हुशारीचं बोलणं मी २०२० पर्यंत करत असे. मग २०२१ आलं.

दुसरी लाट आधी आमच्याकडेच उसळली. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात अमरावतीत पुन्हा लॉकडाउन लागला, तेव्हा पुण्या-मुंबईचे लोक गंमत बघत होते. एप्रिलअखेर सगळीकडेच हाहाकार. नागपूरचे पेशंट बेड शोधत अमरावतीला येत होते, आणि अमरावतीच्या मावशीला बेड नव्हता. तिचं ऑक्सिजन शहाऐंशीवर आलेलं. चौतीस वर्षं वॉर्डात काढलेली बाई, घरी पालथी झोपून ऑक्सिमीटर बघत होती आणि आकडे मला फोनवर स्वतःच सांगत होती, दुसऱ्याच कोणाचे असल्यासारखे.

मी पुण्यात. छत्तीस तास जागा. एक शीट बनवली होती: हॉस्पिटल, नंबर, कधी फोन केला, काय म्हणाले. याच शीटच्या लिंकवर अजून एक जण होता. आमच्या चर्चमध्ये चाळीस वर्षं पेटी वाजवणारे काका तेव्हा लेकीकडे अमरावतीला अडकले होते, त्यांनाही लागण झाली होती, आणि त्यांचा मुलगा त्यांच्यासाठी शोधत होता. मला म्हणाला होता, "दादा, कुठी काही कळलं तर मले बी सांग." मी म्हणालो, अर्थात.

२७ एप्रिलच्या रात्री पावणेदोनला कॉलेजच्या मित्राचा फोन आला. "एक ऑक्सिजन बेड झालाय. दहा मिनिटांत हो म्हण, नाहीतर जाईल. अजून एखादा होईल कदाचित, पहाटेपर्यंत." मी हो म्हणालो. मावशीच्या मुलाला फोन केला, गाडीची सोय झाली, तीन वाजता मावशी बेडवर होती. मी गुडघ्यावर बसलो, आभार मानले, रडलो. आणि झोपलो.

सकाळी नऊला जाग आली तेव्हा आठवलं की मित्राचा नंबर पेटीवाल्या काकांच्या मुलाला दिलेला नाही. दिला. पण तोवर तिथे काही उरलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी काका लेकीच्या घरीच गेले. पहाटे चारला नंबर दिला असता तर काही झालं असतं का? माहीत नाही. ही ओळ मी गेली काही वर्षं वेगवेगळ्या पद्धतीने लिहून पाहिली आहे, ती याहून पुढे जात नाही.

मावशी अकरा दिवसांनी घरी आली. पहिला प्रश्न तिने मला विचारला, "बेड कसा भेटला रे?"

"रिकामा झाला होता."

"रिकामा झाला म्हंजे? सुटी झाली, का गेला?"

मी गप्प. मित्र 'झालाय' एवढंच म्हणाला होता. रात्री पावणेदोनला कोणाला सुटी देत नाहीत हे नर्सला कोण सांगणार! तिने तोंड भिंतीकडे केलं. संध्याकाळपर्यंत बोलली नाही.

७ ऑक्टोबर २०२१ ला राज्यातली प्रार्थनास्थळं उघडली. त्यानंतरच्या पहिल्या रविवारी मी अकोल्यातच होतो. मास्क लावून, एका बाकावर दोघं-दोघं. पेटीवर कापड घातलेलं होतं. साक्षीची वेळ आली. कोणाचा जावई वाचला, कोणाची सून, दर वाक्याला हालेलुया. पाळकसाहेबांनी बाबांकडे पाहिलं. बाबा कधी संधी सोडत नाहीत, आणि मावशी वाचली हे सगळ्यांना माहीत होतं. बाबा उठले. बायकांच्या बाजूला, तिसऱ्या बाकावर, पेटीवाल्या काकांच्या पत्नी बसल्या होत्या. बाबा म्हणाले, "काकूंसाठी प्रार्थना करा." आणि बसले.

बाहेर आल्यावर एक-दोघांनी सुनावलं. देवानं एवढं केलं आणि दोन शब्द आभाराचे निघाले नाहीत? घरी मीही विचारलं. बाबा म्हणाले, "तिच्या समोर काय सांगू? आमच्याकडं लक्ष होतं त्याचं, तुमच्याकडं नव्हतं, असं?"

"मग आभार मानायचेच नाहीत का?"

"मानतो नं. घरी. दार लावून."

मावशी बरी झाल्यावर महिन्यातून एकदा एसटीने अकोल्याला यायला लागली. काकूंच्या शेजारी बसायची, उपासना संपली की त्यांच्याच घरी जेवायची. काय बोलायच्या माहीत नाही. बहुतेक बोलत नसाव्यात.

माझ्याकडून काय झालं, तर फॉर्म. कोविडने गेलेल्यांच्या वारसांना पन्नास हजार सानुग्रह अनुदान जाहीर झालं, त्याचे अर्ज डिसेंबर २०२१ पासून ऑनलाइन सुरू झाले. काका घरी वारलेले, मृत्यूच्या दाखल्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव यांत एका अक्षराचा फरक. अर्ज एकदा परत आला. पुन्हा भरला. माझ्या पंचवीस वर्षांच्या करिअरमध्ये मी इतक्या काळजीने कुठलं फील्ड भरलं नसेल. पैसे आले तेव्हा काकूंकडे गेलो. त्या सुपात तुरीची डाळ घेऊन खडे वेचत होत्या.

म्हणाल्या, "देवानं देल्ले म्हणू नको बरं. हे सरकारचे होत."

"नाही म्हणत."

"सगळे येऊन मले सांगून राह्यले, त्याची योजना असते, तो तरतूद करते. यांची काय तरतूद होती मंग? ते सांग एखाद्यानं."

मी तेव्हा सांगून टाकलं. तो फोन, ती रात्र, सकाळचे नऊ. त्यांचा हात थांबला नाही.

"मालूम हाय," त्या म्हणाल्या. "पोरानं सांगतलं होतं तवाच." एक खडा काढून बाजूला ठेवला. "आधी मावशीचंच पाहिन नं कोणी बी. पण झोपला तू."

हो. झोपलो.

त्यांनी मला माफ केलं असं मी इथे लिहिणार नाही, कारण तसं त्या म्हणाल्या नाहीत. त्या अजून चर्चला येतात. मागच्या वर्षी हंगामाच्या सणाला, म्हणजे पहिलं पीक, भाज्या, कोंबड्या असं जे ज्याने आणलं त्याचा लिलाव होतो तेव्हा, त्यांनी परसातला एक दुधी दिला. बाबांनी तो साडेतीनशेला घेतला. आम्ही तीन दिवस दुधी खाल्ला. पेटी आता एक कॉलेजचा पोरगा वाजवतो. दर गाण्याला थोडा घाई करतो.

मला विचाराल तर मी अजूनही प्रार्थना करतो. फक्त 'देवानं दिलं' म्हणताना आता घसा अडतो, आणि तो अडावा असंच मला वाटतं. देणारा तो आहे यावर माझा बाबांइतकाच विश्वास आहे. पण ती तिसरी बाजू, हस्तेची, तिच्याकडे न बघता नुसतं वर बघून हात जोडले की मावशीचा कावळा होतो आणि मेलेल्या माणसाचा रिकामा बेड होतो.

असो. तर डोळ्याची नोंद झाली. बाबा दुपारी काळा चष्मा लावून पडले होते, मी वही आत ठेवायच्या आधी मागची पानं उलटली. इतकी वर्षं हे पान बघायचं मी टाळत आलो होतो. २०२१. मार्च, एप्रिल. पानं जवळजवळ कोरी, मध्येच 'शेजाऱ्यांनी डबा', 'ऑक्सिमीटर. हस्ते मेडिकलवाला'. आणि मग २७ एप्रिल. 'बेड. हस्ते'

पुढे काही नाही. आडवी रेघही नाही.

मला वाटलं लिहायचं राहून गेलं. म्हणालो, "बाबा, इथे माझ्या मित्राचं नाव घालू का? त्यानेच फोन केला होता."

"त्याचं खालच्या ओळीत हाय. पाय."

होतं. 'फोन. हस्ते', पुढे मित्राचं नाव. त्याखाली 'गाडी', पुढे ड्रायव्हरचं. त्याखाली ऑक्सिजनची नळी लावणाऱ्या वॉर्डबॉयचंसुद्धा, ते बाबांनी कुठून मिळवलं देव जाणे.

"मग ही वरची जागा?"

"त्या बेडवर आधी होतं ते कोण होतं, मालूम नाही नं. माणूस होता का बाई होती तेही मालूम नाही. मी त्या वक्ताला एक-दोन ठिकाणी विचारलं. कोणी सांगत नाही." चष्म्याआड त्यांचे डोळे उघडे होते की मिटलेले ते कळत नव्हतं. "एखादं वेळी कळन. जागा ठेवली हाय."

चार वाजले होते. मी वही कपाटात ठेवली, हात धुतले आणि थेंबांची बाटली हलवत त्यांच्या उशाशी गेलो.